दोन घरांचा एक धर्मबाप

८ जानेवारी, सोमवार. संध्याकाळ.

शहरातून परतलो. तीन दिवसांचं लीडरशिप शिबिर पार पडलं. फाइल मिळाली, पेन मिळालं, सर्टिफिकेट मिळालं. त्यावर माझ्या नावाच्या, पोलिक्रोनिसच्या जागी पोलिक्सेनी छापलंय, ते बाईचं नाव आहे, पण शिक्का खरा आहे. भिंतीवर जरा उंच लावलं की कुणाला वाचता येणार नाही.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, संस्था म्हणजे इमारत नव्हे, संस्था म्हणजे माणसं. अगदी पटलं. आमच्या दूध सोसायटीत माणसं आहेत हीच तर अडचण आहे.

अठरा फेब्रुवारीला, मोठा उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, चीजच्या रविवारी, वार्षिक सभा. चेअरमनची निवडणूक. वडील या खुर्चीत मरेपर्यंत बसले. मी मागच्या वेळी कसाबसा आलो, तोही मतपेटी खिडकीतून बाहेर भिरकावली गेली म्हणून. ही खुर्ची गेली तर या डोंगरात मी कोण? कुणीच नाही.

निश्चय. एक, आवाज चढवायचा नाही. दोन, सभासदाच्या अंगावर हात टाकायचा नाही. तीन, काठी ऑफिसच्या कोपऱ्यात राहील. मी आता हुकूम सोडणारा चेअरमन नाही. ऐकणारा लीडर.

९ जानेवारी, मंगळवार.

नाक मोडलं.

रोजचंच भांडण. सकाळी डेअरीत वरच्या आळीचा मानूसोस बर्दाकिस आणि खालच्या आळीचा अँद्रुलिस फ्रागाकिस आपापल्या पोरांसकट एकाच वेळी दूध घेऊन आले. तीन वर्षांपूर्वी अँद्रुलिसच्या एडक्याच्या गळ्यातली घंटा मानूसोसच्या एडक्याच्या गळ्यात सापडली. एडका तोच होता की फक्त घंटा, हे अजून ठरायचंय. तेव्हापासून दोन्ही घरं बोलत नाहीत. दगड मारतात. सोसायटीतली निम्मी माणसं या घराच्या नात्यातली, निम्मी त्या घराच्या. एकाचं दूध दुसऱ्याच्या दुधात चालत नाही, म्हणून आमच्याकडे दोन कढया, दोन चुली आणि दोन प्रकारचं चीज, दोन्ही करपलेलं. चीज करणारा झाखारियास सकाळच्या वेळी मोटरसायकलचं हेल्मेट घालून काम करतो.

मी शांतपणे दोघांच्या मधे उभा राहिलो. म्हटलं, मनात जे आहे त्याला नाव द्या. शिबिरातलं वाक्य. मानूसोसने नाव दिलं. अँद्रुलिसच्या पुतण्याने त्याहून वाईट नाव दिलं. मग कॅनचं झाकण आलं. कोणाकडून आलं ते दिसलं नाही, कारण डोळ्यांत रक्त होतं.

पण संवाद सुरू झाला, हे महत्त्वाचं. मी कुणाच्याही अंगावर हात टाकला नाही. कॅन टाकला. तो रिकामा होता.

११ जानेवारी, गुरुवार.

अर्गिरोने नाकात राकी दारूत भिजवलेले बोळे घातले. बोळे घालताना बोलत होती. म्हणाली, तीन दिवस सरकारी हॉटेलात जेवून आलास, गेलास तेव्हा साधं गाढव होतास, आलास तो फाइलवालं गाढव. बायकोचा फीडबॅक. नोंद घेतली. ती नुसती बायको नाही, सभासदही आहे. तिच्या बापाचा कळप तिच्या नावावर आहे, म्हणजे एक मत घरचंच.

तिच्याशी आवाज चढवला नाही. बशी भिंतीवर आपटली, पण काहीही न बोलता.

१४ जानेवारी, रविवार.

डेअरीच्या दारात सूचना पेटी लावली. निनावी, निर्भय, मोकळी मतं.

१६ जानेवारी, मंगळवार.

पेटी उघडली. एक काडतूस, मूठभर लेंड्या, मेंढीचा कान, आणि एक चिठ्ठी: "जा." कुठे ते लिहिलेलं नाही. स्पष्ट शब्दांत मत मांडायची सवय लोकांना लावावी लागेल.

१७ जानेवारी, बुधवार.

पेटीला कुणीतरी गोळ्या घातल्या. भोकं पडली. आता सूचना टाकायला जागा वाढली असं मी झाखारियासला म्हटलं. तो हेल्मेटच्या आत हसला. मी खुर्ची उचलून कढईवर फेकली. नंतर त्याची माफी मागितली. मोठ्या मनाचा लीडर चूक कबूल करतो. कढई चेपली आहे.

२१ जानेवारी, रविवार.

टीम बिल्डिंग. दोन्ही घरांच्या तरुणांना डेअरीच्या अंगणात बोलावलं. खेळ सोपा. एकाने डोळे मिटून मागे पडायचं, दुसऱ्याने झेलायचं. विश्वास वाढतो. शिबिरात मला एका पोस्टमास्तरने झेललं होतं, आम्ही दोघं रडलो होतो.

अँद्रुलिसचा पुतण्या डोळे मिटून मागे पडला. बर्दाकिसांच्या पोराने झेलायचं होतं. तो बाजूला झाला. नुसता बाजूला झाला असता तर मी समजू शकलो असतो, त्याने पायही वर केला. मग काठ्या. मग बेलचे. मग कुणीतरी चीज गाळून उरलेल्या गरम पाण्याचं पिंप लाथाडलं आणि सगळं अंगण एकदम उड्या मारायला लागलं. दोन दात, एक कॉलरबोन, कुत्र्याचा पाय. मी फक्त एकदा कडछी हाणली, कुणाला लागली माहीत नाही. ती लीडर म्हणून नाही, माणूस म्हणून.

सकारात्मक बाजू: हजेरी पूर्ण होती.

२३ जानेवारी, मंगळवार.

कॉफीच्या दुकानात मी आत गेलो की बोलणं थांबतं. वडील आत जायचे तेव्हाही थांबायचं. पण त्यांच्या वेळी लोक उठून उभे राहायचे. माझ्या वेळी खुर्च्या भिंतीकडे सरकवतात, मारामारीला जागा हवी म्हणून. घरी आलो, कोट काढला, आणि बराच वेळ कोट हातात घेऊन बसलो.

दूध कमी झालंय. दोन्ही घरं शेजारच्या गावातल्या व्यापाऱ्याला दूध द्यायच्या गोष्टी करतायत. असंच चाललं तर सभेत मला हरवायलाही कुणी येणार नाही.

२५ जानेवारी, गुरुवार. सकाळ.

सापडलं! फाइलच्या शेवटच्या पानावर होतं: लीडरने लोकांच्या घरच्या आयुष्यात रस घ्यावा.

आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी मूल घंगाळातून वर काढणारा धर्मबाप त्या घराचा सिंतेक्नोस होतो. सख्ख्या भावाहून जवळचा. त्याच्यावर बोट उचललं तर देव माफ करत नाही आणि गावही करत नाही. बर्दाकिसांच्या घरात मानूसोसचा नातू बाप्तिस्म्याचा राहिलाय. फ्रागाकिसांच्या घरात अँद्रुलिसची नात. दोघांचा धर्मबाप मी! मग दोन्ही घरं माझी. मला कोण मारणार? मत कोणाला देणार? मीच मधला दुवा. शिबिरातल्या बाईंना हे सुचलं नसतं.

२५ जानेवारी. दुपार.

अर्गिरोला सांगितलं. आधी हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, एकाच हाताने मुलगा आणि मुलगीही? शुद्धीवर आहेस का?

मला काय नियम माहीत नाही? एकाच धर्मबापाने वर काढलेले मुलगा-मुलगी भाऊबहीण होतात, त्यांचं लग्न लागत नाही. म्हणूनच माणूस जन्मभर एक तर मुलांनाच धरतो नाही तर मुलींनाच. पण ही तान्ही पोरं! आणि ती बर्दाकिस आणि फ्रागाकिसांची! एकमेकांच्या विहिरीवर पाणी पीत नाहीत, ते सोयरीक जुळवणार? जुन्या नियमांना कवटाळून बसलं की संस्था मागे पडते.

अर्गिरो म्हणाली, कुणाला तरी विचार तरी. म्हटलं, लीडर निर्णय घेतो. ती भांडी घासायला लागली, जरा जोरात.

२८ जानेवारी, रविवार.

आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस.

धर्मबाप होऊ का असं मी विचारलं, तेव्हा मानूसोसने लगेच मान डोलावली होती. काळा शर्ट, छातीवर दाढी, आणि डोळे भरून आलेले. आज गावच्या पाद्र्याने, पापा-मिनासने, पोराला तीनदा पाण्यात बुडवलं, मी तेल लावून धरलं. पोरगं माशासारखं निसटत होतं, सोडलं नाही. नाव मानूसोसच, आजोबांचं. चर्चबाहेर बंदुका सुटल्या. एका गोळीने विजेची तार तुटली, वरची आळी अंधारात गेली, जेवणं मेणबत्त्यांवर. मेंढीच्या रश्शातला भात, राकी, पुन्हा राकी. मानूसोसने मिठी मारली, नाक पुन्हा दुखलं. म्हणाला, सिंतेक्नोस, आता तुझ्या शत्रूंची नावं सांग. म्हटलं, आता शत्रू कुणी नाही. तो जरा हिरमुसला.

मी रडलो. राकीमुळे नाही.

३० जानेवारी, मंगळवार.

फ्रागाकिसांनी आमच्या सगळ्या काचा फोडल्या. अँद्रुलिस चौकात ओरडून म्हणाला म्हणे की चेअरमन आता बर्दाकिस झाला, त्याने आडनाव बदलावं. अर्गिरोने खिडक्यांना गोधड्या लावल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

अपेक्षितच होतं. दुसरा टप्पा सुरू.

१ फेब्रुवारी, गुरुवार.

अँद्रुलिसकडे गेलो. पांढरा रुमाल काठीला बांधून. त्याने कुत्री सोडली, मग आवरली. म्हटलं, तुझ्या नातीला मी वर काढतो. तो विचारात पडला. म्हणाला, त्या चोराच्या घरी चेअरमन सिंतेक्नोस आणि माझ्या घरी नाही, असं कसं चालेल? ताबडतोब हो म्हणाला. लीडरशिप म्हणजे दुसरं काय?

आतून त्याची सून आली. पोर कडेवर. सासऱ्याला म्हणाली, दुसरा कुणी बघा, मी पाया पडते. अँद्रुलिसने टेबलावर मूठ आपटली. ती पांढरी पडली, आत गेली. लाजाळू आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार.

पापा-मिनास अडून बसला. म्हणाला, पोलिक्रोनिस, तू मुलाला धरलंस, आता मुलीला धरू नकोस. मी नाही करणार हे. मग हात धरून बाजूला नेलं, म्हणाला, थांब, बाळा, तुला एक गोष्ट सांगायचीय, दोन्ही घरांतल्या बायकांनी माझ्याजवळ... मी म्हटलं, फादर, मला मीटिंग आहे. बदलाला विरोध करणारे असंच कोपऱ्यात नेऊन बोलतात, त्यावर शिबिरात अख्खा तास होता.

मीटिंग नव्हती. कॉफी प्यायलो.

खालच्या सपाटीवरचा एक पाद्री आहे, जास्त विचारत नाही. ठरवून टाकलं.

११ फेब्रुवारी, रविवार.

दुसरा बाप्तिस्मा. डोंगरातल्या छोट्या चॅपलमध्ये. मुलीचं नाव कालियो. शहाणी पोर, रडली नाही. रडली ती तिची आई, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आनंदाश्रू. अँद्रुलिसने बंदुकीचं अख्खं मॅगझीन आकाशात रिकामं केलं आणि मला म्हणाला, सिंतेक्नोस. दुसऱ्यांदा हा शब्द! जेवताना मी छोटं भाषण केलं. आज या सोसायटीला एक बाप मिळाला, असं म्हणालो. टाळ्या कमी आल्या, पण लोकांच्या हातात हाडं होती.

सभेला एक आठवडा. आता कोण हरवतो बघू.

१२ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.

लिहावंसं वाटत नाही. पण नोंद ठेवली पाहिजे.

सकाळी डेअरीच्या दारात पिकअप उभी केली आणि वरून बायका येताना दिसल्या. पुढे मानूसोसची सून, हातात कुऱ्हाड. खालून दुसरा घोळका, पुढे अँद्रुलिसची सून, हातात भट्टीचा लांब दांडा. मला वाटलं आता दोन्ही घरांत जुंपणार. मी मधे उभा राहिलो, दोन्ही हात पसरून.

त्या एकमेकींना भिडल्या नाहीत. एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग दोघी मिळून माझ्याकडे वळल्या.

गेल्या वर्षभरापासून ठरलेलं होतं. दोघींनी पापा-मिनाससमोर देवाच्या तसबिरीवर हात ठेवून शब्द दिला होता: पोरं मोठी झाली की यांचं लग्न, आणि त्या दिवशी भांडण संपलं. पुरुषांना सभेनंतर सांगणार होत्या. एकाच सोयरिकीत सगळं मिटलं असतं. आता ती दोघं भाऊबहीण. माझ्या हातांनी.

मानूसोसच्या सुनेने कुऱ्हाड वर केली. मी डोळे मिटले. काच फुटली. पिकअपची. सिंतेक्नोसवर हात टाकता येत नाही ना. दुसरीने दांड्याने दिवे फोडले, मग आरसे, मग दारं चेपली. बाकीच्या बायकांनी ऑफिसात शिरून टेबल बाहेर फेकलं, कपाट फेकलं, सर्टिफिकेट फाडलं, वडिलांची खुर्ची दारात ठेवून तिच्यावर दगड घातले. मी मधे उभा. माझ्या अंगाला कुणाचं बोटसुद्धा लागलं नाही. आजूबाजूचं सगळं मोडत होतं.

तेवढ्यात पुरुष आले. मानूसोस आणि अँद्रुलिस. सुनांनी त्यांना सांगितलं. दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मग मानूसोसने बंदूक काढून माझ्या पिकअपच्या पुढच्या दोन चाकांत गोळ्या घातल्या, आणि बंदूक अँद्रुलिसकडे दिली. अँद्रुलिसने मागच्या दोन चाकांत घातल्या.

मी काठी उगारली, निदान खुर्ची वाचवावी म्हणून. काठी माझ्याच गुडघ्यावर बसली. खाली पडलो. मानूसोसने उठवायला हात दिला, सिंतेक्नोस आहे ना. दाढी थरथरत होती. म्हणाला, आम्हीही थकलो होतो रे. रोज रात्री बंदूक उशाशी घेऊन झोपतोय. सुटायची एकच वाट होती, ती तू बुजवलीस, आणि वर आम्हाला भातही खायला घातलास.

मी उत्तरासाठी फाइल शोधायला लागलो. बायकांनी ती पेटवून दिली होती.

झाखारियासने हेल्मेट काढलं. तो इतका म्हातारा आहे हे मला माहीतच नव्हतं.

१४ फेब्रुवारी, बुधवार.

गुडघा सुजलाय. विचार केला. दोन्ही घरांची माणसं काल कॉफीच्या दुकानात एकाच टेबलाला बसली होती, असं अर्गिरो म्हणाली. मला शिव्या द्यायला. तरी एकाच टेबलाला! टीम तयार झाली की नाही? लोकांना लगेच कळत नाही, पण सभेत कळेल. भाषण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य: मित्रांनो, मी तुम्हाला एकत्र आणलं.

१८ फेब्रुवारी, चीजचा रविवार.

सभा झाली. एकही खुर्ची फेकली गेली नाही. एकही बंदूक सुटली नाही. झाखारियास म्हणाला, सोसायटी सुरू झाल्यापासूनची पहिली अशी सभा.

मी कुबडीवर उभा राहून भाषण सुरू केलं. पहिल्या वाक्यावर कुणी ओरडलं नाही. दुसऱ्यावरही नाही. सगळे ऐकत होते, मान खाली घालून, जशी मयताच्या घरी घालतात. मी मधेच थांबलो.

मग मानूसोस उठला. म्हणाला, चेअरमन आमचा सिंतेक्नोस आहे, त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. अँद्रुलिस म्हणाला, मीही नाही. मग अँद्रुलिसने ठराव मांडला की त्याला मोकळं करावं, आणि मानूसोसने अनुमोदन दिलं. हात वर करा म्हणाले. सगळे हात वर झाले. वरची आळी, खालची आळी, झाखारियास. शेवटच्या रांगेत अर्गिरोचाही. मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर वळवली नाही, आणि हातही खाली घेतला नाही.

नवीन चेअरमन म्हणून तिचंच नाव आलं. मी विचारलं, ती का? अँद्रुलिस म्हणाला, ती ऐकून घेते, आणि तिला कुणाला घंगाळातून काढायची हौस नाही.

पुन्हा सगळे हात वर. माझा राहिला होता. सगळे बघायला लागले. वर केला.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात बसून रडलो, यावेळी राकीशिवाय. तिने माझ्या गुडघ्याचा पट्टा सोडला, नवीन बांधला. म्हणाली, एक दिवस कुणीतरी नेम चुकवायचा विसरला असता. मला विधवा व्हायचं नव्हतं.

१९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

उपास सुरू. पोरं टेकडीवर पतंग उडवतायत. मेंढ्यांना उपास नाही, दूध आलंच.

नव्या चेअरमनला मी दहा मुद्दे लिहून दिले. तिने त्यात ऑलिव्ह गुंडाळले. म्हणाली, आजपासून एकच कढई. मग म्हणाली, वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं दूध एकाच गाडीतून आणायचं, आणि ती गाडी तू चालवायची, कारण तुझ्यावर दोन्हीकडचा कुणी दगड मारणार नाही. काल चौघांनी मिळून माझ्या पिकअपची चाकं बदलली म्हणे, दोन इकडचे, दोन तिकडचे.

जबाबदारीचं पद आहे. विचार करून हो म्हटलं.

निघताना तिने हाक मारली. गाडीला पुढची काच नाही, म्हणाली, शाल गुंडाळून जा.